कुडाळपर्यंत पुरवायचंय

मे महिन्यात मांडवी एक्सप्रेसनं कुडाळला चाललो होतो. बहीण, तिचा मुलगा आणि मी. पनवेल मागे पडलं, कटलेटवाल्याची पहिली फेरी झाली आणि भाच्यानं सॅकमधून स्टीम डेक काढला, म्हणजे हातात धरून गेम खेळायचा छोटा संगणकच. त्याच्या बाबांनी परदेशातून येताना आणलेला, पहिल्या मॉडेलचा. गेममध्ये कुठलंसं जुनं शहर होतं. रात्रीची वेळ, नुकताच पाऊस पडून गेलेला. दगडी फरसबंदीच्या खाचांत पाणी साचलेलं, आणि एका खानावळीच्या दारातल्या दिव्याची पिवळी तिरीप त्या पाण्यात हलत होती. माणूस चालत गेला की तिरीप तुटायची, परत जुळायची. बाहेर रणरणतं ऊन, डब्यात घामट हवा, आणि या सात इंचात असला ओलावा. मी त्याच्या खांद्यावरून बघतच राहिले. तेवढ्यात त्यानं गेम थांबवला आणि सेटिंगमध्ये शिरला. सावल्या कमी. प्रतिबिंबं बंद. धुकं कमी. मग उजव्या बाजूचं तीन ठिपक्यांचं बटण दाबून आणखी काही पट्ट्या डावीकडे ओढल्या. गेम परत सुरू झाला तेव्हा रस्ता तोच होता, खानावळही तीच, पण पाण्याच्या जागी नुसते करडे डाग उरले होते.

"अरे, किती छान दिसत होतं ते," मी म्हटलं.

"हो गं मावशी, पण कुडाळपर्यंत पुरवायचंय."

नंतर बराच वेळ मी बघत होते. तो खेळत होता, पण त्याची नजर अधूनमधून पडद्याच्या कोपऱ्यात जात होती. तिथे आकडे नाचत होते. सेकंदाला किती चित्रं, बॅटरीतून किती वॅट जातायत, किती टक्के उरलंय. आकडा वाढला की तो थांबायचा, आणखी एखादी गोष्ट बंद करायचा. चित्र उणं झालं याचं मला तितकंसं वाईट वाटलं नाही. खुपलं ते हे, की सुट्टीला निघालेला तेरा वर्षांचा मुलगा खेळता खेळता सतत हिशेब करत होता, आणि तो हिशेब त्याच्यावर कुणी टाकला हे मला कळत नव्हतं.

हिशेब तसा सरळ आहे. त्या डेकमध्ये ४० वॅट-तासांची बॅटरी असते. गेम मोकळा सोडला की चिप १५ वॅटपर्यंत घेते, त्यात पडदा, मेमरी, पंखा, वायफाय असं सगळं धरून यंत्र पंचवीसेक वॅट ओढतं. म्हणजे दीड तासापेक्षा थोडं जास्त. सगळं मिळून १० वॅटवर आणलं तर चार तास. पडदा १२८० बाय ८०० ठिपक्यांचा, म्हणजे एका चित्रात १० लाख २४ हजार ठिपके. सेकंदाला ६० चित्रं काढायची तर सहा कोटींहून जास्त वेळा यंत्राला ठरवावं लागतं की हा ठिपका कुठल्या रंगाचा. त्या ठिपक्यावर कुठला उजेड पडतो, तो कशाच्या सावलीत आहे, पाण्यात असेल तर त्यात काय दिसतंय, हे सगळं त्या एका ठरवण्यात येतं. खानावळीच्या दिव्याची ती तिरीप विजेवर चालत होती. तिचं मोल भाच्याला माहीत होतं. मला नव्हतं, म्हणून मला ती फुकट दिसत होती.

आमच्या लहानपणी हातातला गेम म्हणजे जत्रेत मिळणारा ब्रिक गेम. वर '९९९९ इन १' असं छापलेलं असायचं आणि आत त्याच त्या ठोकळ्यांचे थोडेफार निराळे खेळ. करडट हिरवा पडदा, काळे चौकोन, कानात बारीक टोचणारा पीं-पीं आवाज, आणि बोटांना येणारा त्या स्वस्त प्लॅस्टिकचा वास. दोन पेन्सिल सेल घातले की महिनोन्महिने चालायचा. सेल उतरायला लागले की ठोकळे फिके होत जायचे आणि आवाज खाली यायचा. मग सेल काढून तळहातांत घासायचे, गच्चीवर उन्हात ठेवायचे, कुणी दाताने चावून बघायचं. तेही संपलं की आई तेच सेल भिंतीवरच्या घड्याळात घालायची, आणि गेमच्या दृष्टीनं मेलेले ते सेल घड्याळाला पुढे कितीतरी दिवस पुरायचे. कुठल्या यंत्राला किती लागतं याचा पहिला धडा मला त्या घड्याळानं दिला.

त्या पडद्याला स्वतःचा उजेड नव्हता. म्हणून तो इतका पुरायचा. द्रवस्फटिकांना काळं-पांढरं व्हायला अगदी नखभर वीज लागते. खाऊन टाकतो तो मागचा दिवा. आम्हाला हे माहीत नव्हतं, पण शरीराला माहीत होतं. आम्ही खिडकीत बसून खेळायचो, ट्यूबलाइटखाली मान तिरकी करून खेळायचो, आणि उन्हात तर तो पडदा जास्तच खुलायचा. लोडशेडिंगच्या काळात मात्र गंमत संपायची. दिवे गेले की टीव्ही बंद, पंखा बंद, सेलवरचा गेम खरं तर चालू, आणि नेमका तेव्हाच दिसेनासा. मग कंदिलाजवळ सरकायचं. कंदिलाच्या तांबूस उजेडात ते ठोकळे पडताना मी कितीदा पाहिलेत. आजही हातातल्या गेमचं नाव काढलं की मला रॉकेलचा वास येतो.

जत्रेतल्या त्या वस्तूचा पूर्वज जपानातला. क्योटोच्या निन्टेन्डो कंपनीत गुनपेई योकोई नावाचा माणूस १९६५ मध्ये कारखान्यातल्या यंत्रांची देखभाल करायला लागला आणि पुढे खेळणी बनवू लागला. असं सांगतात, की शिंकान्सेन या जपानी बुलेट ट्रेनमध्ये एक कंटाळलेला नोकरदार कॅल्क्युलेटरची बटणं उगाच दाबत बसलेला त्यानं पाहिला आणि त्यातून त्याला खिशातल्या खेळाची कल्पना सुचली. १९८० साली गेम अँड वॉच आला: कॅल्क्युलेटरचाच पडदा, घड्याळाचे बटण-सेल. नऊ वर्षांनी, एप्रिल १९८९ मध्ये, गेम बॉय. १६० बाय १४४ ठिपके, हिरवट करड्या रंगाच्या चार छटा, मागे दिवा नाही, चार पेन्सिल सेल. त्याच वर्षी अटारीनं लिंक्स काढला, रंगीत, आतून उजळणारा. पुढच्या वर्षी सेगाचा गेम गिअर आला, तोही रंगीत, पडद्यामागे छोटी फ्लुरोसंट नळी. दोघांना सहा-सहा सेल लागायचे आणि ते चार-पाच तासांत, कधी त्याच्याही आधी, संपायचे. गेम बॉय चार सेलवर पंधरा तास तर सहज जायचा, पुष्कळदा त्याहून जास्त.

शेजारी शेजारी ठेवले तर कुठलंही मूल गेम गिअरकडे हात नेईल. मीही नेला असता. पण गेम बॉय आणि त्याचा रंगीत धाकटा भाऊ मिळून ११ कोटी ८६ लाखांवर खपले, आणि गेम गिअर सुमारे एक कोटी. त्यामागे टेट्रिस हा ठोकळ्यांचा खेळ होता, किंमत होती, मजबुती होती, सगळं मान्य. तरी मला वाटतं त्यात योकोईचा एक निर्णय फार मोठा आहे. रंगीत पडदे तेव्हा बाजारात होते, दिवे होते. त्यानं ते घेतले नाहीत. स्वस्त झालेली, रुळलेली, सगळे खाचखळगे माहीत असलेली वस्तू घ्यायची आणि तिच्यातून नवा खेळ काढायचा, ही त्याची रीत. लांबच्या प्रवासात मागच्या सीटवर बसलेल्या मुलाला चार छटा पुरतील, पण मध्येच सेल संपलेले चालणार नाहीत, हे त्यानं त्या मुलाच्या वतीनं आधीच ठरवून टाकलं होतं. निन्टेन्डो सोडल्यावरही तो तसाच राहिला. बान्दाई या खेळण्यांच्या कंपनीसाठी त्यानं जो वंडरस्वान हा हातातला गेम घडवायला घेतला, तो एकाच पेन्सिल सेलवर तीसेक तास चालायचा. १९९९ मध्ये तो बाजारात आला. पाहायला योकोई नव्हता. १९९७ च्या ऑक्टोबरमध्ये रस्त्यावरच्या अपघातात तो गेला होता.

म्हणजे तेव्हा हिशेब होताच. फक्त तो मुलाच्या हातात नव्हता.

तो हळूहळू कसा सरकला ते पाहिलं तर मधे सोनीचा पीएसपी हा हातातला गेम लागतो. कॉलेजात आमच्या ग्रुपमध्ये एकाकडे होता. कँटीनच्या टेबलावर तो फिरायचा. झुळझुळीत काळा, पडदा इतका रुंद आणि स्वच्छ की बघणारे खेळणाऱ्यापेक्षा जास्त. आतली छोटी तबकडी फिरायला लागली की घर्र आवाज यायचा आणि बोटांना कंप जाणवायचा. त्याच्या चिपला ३३३ मेगाहर्ट्झनं धावता येत होतं, पण सुरुवातीला कंपनीनं गेमना २२२ च्या पुढे जाऊच दिलं नाही. २००७ साली सॉफ्टवेअर बदलून ते कुलूप काढलं, आणि पुढच्या वर्षी आलेल्या गॉड ऑफ वॉरच्या गेमनं ती मोकळीक वापरून त्या चिमुकल्या पडद्यावर जे उभं केलं ते पाहून आम्ही गप्प झालो होतो. तीन वर्षं लोकांच्या खिशात तो वेग पडून होता. त्यांना माहीत नव्हतं एवढंच. वेग आणि वेळ यांतलं काय द्यायचं हे तिथेही कंपनीनं ठरवलं, फक्त नंतर मत बदललं.

आणि डेकमध्ये ती किल्ली सरळ भाच्याच्या हातात दिलेली आहे.

आजोळी पोचल्यावर रात्री तो झोपला तेव्हा मी डेक हातात घेतला. ६६९ ग्रॅम म्हणजे मांडीवर ठेवूनच बरा. तीच खानावळ, तोच रस्ता. प्रतिबिंबं परत चालू केली. पाण्यात दिवा आला. वरच्या जाळीतून गरम वारा यायला लागला आणि पंखा चांगला ऐकू येऊ लागला, अंगणातल्या रातकिड्यांच्या वर. मग एकेक पट्टी सावकाश हलवून बघितली. सावल्या सगळ्यात वरच्या पायरीवरून मधल्या पायरीवर आणल्या. सात इंचात मला काडीचा फरक दिसला नाही, आणि वॅटचा आकडा मात्र उतरला. लांबच्या झाडांची पानं कमी केली. तेही खपून गेलं. मग चित्रांची संख्या ६० वरून ४० केली. माझी समजूत होती, खेळ अडखळेल. तसं झालं नाही. ६० ला प्रत्येक चित्र १६.७ मिलिसेकंद टिकतं, ३० ला ३३.३. ४० ला बरोबर २५, म्हणजे दोघांच्या अगदी मधोमध. म्हणून ६० मधून एक तृतीयांश चित्रं काढून टाकली तरी डोळ्याला ते ३० च्या वाटेवर निम्मंच गेल्यासारखं वाटतं. पडदाही सेकंदाला ४० वेळा बदलता येतो, त्यामुळे चित्र आणि पडद्याची पावलं जुळतात. २४ वॅटचा आकडा १३-१४ वर आला. पंखा मंदावला. पाण्यातला दिवा अजून होता.

एवढ्याशानं एवढा फरक का पडावा, हे शोधून वाचलं तेव्हा कळलं. चिपचा वेग वाढवायचा तर तिला विजेचा दाबही वाढवून द्यावा लागतो, आणि खर्च दाबाच्या वर्गानं वाढतो. समजा वेग २० टक्के वाढवायला दाब १० टक्के वाढवला, तर खर्च ४५ टक्क्यांनी चढतो. कंदिलाची वात एका मर्यादेपलीकडे वर केली की उजेड किंचित वाढायचा, पण रॉकेल भराभर उतरायचं आणि काच काळी व्हायची, तसं. शेवटचं वीतभर सौंदर्य सगळ्यात महाग. आणि उलट्या बाजूनं, थोडंसं सोडलं की पुष्कळ परत मिळतं. डेक बनवणाऱ्यांनी पडदा ८०० ओळींचाच ठेवला यात मला शहाणपण दिसतं. डेकच्या पुढच्याच वर्षी, २०२३ मध्ये, असूसनं रॉग अलाय हा डेकसारखाच हातातला गेम काढला, भारतात दुकानात मिळणारा, तेव्हा ६९,९९० रुपयांचा. त्यात तेवढ्याच इंचांत १०८० ओळी, म्हणजे दुप्पट ठिपके, आणि बॅटरी तेवढीच, ४० वॅट-तासांची. टर्बो या वेगवान मांडणीवर टाकला की चिप एकटीच २५ वॅट घेते. वर्षभरानं त्याच कंपनीनं ८० वॅट-तासांची बॅटरी घातलेलं मॉडेल आणलं तेव्हा कुठे त्या पडद्याला न्याय मिळाला. याच्या पुढे फार जागाही नाही; विमानात परवानगी न विचारता नेता येते ती बॅटरी १०० वॅट-तासांपर्यंतची.

मग पुढे जायचं कुठून? या प्रश्नाचं मला सगळ्यात आवडलेलं उत्तर निन्टेन्डोच्या स्विच या हातातल्या गेमनं दिलं. २०१७ मध्ये आला तेव्हा अडीच ते साडेसहा तास चालायचा. २०१९ मध्ये तोच स्विच, तीच बॅटरी, तसाच पडदा, तेवढाच वेग, पण साडेचार ते नऊ तास. झेल्डाचा ब्रेथ ऑफ द वाइल्ड हा गेम आधी तीनेक तास मिळायचा, तो साडेपाच मिळायला लागला. चिप तीच, फक्त ती जास्त बारीक घडवली गेली होती, आधी २० नॅनोमीटरच्या पद्धतीनं, मग १६ च्या. चित्रातलं काहीही न काढता खेळणाऱ्याला दोन तास जास्त. बाहेरून ओळखू येणार नाही असा बदल. मला यात फार मोठं सौजन्य दिसतं. आणि मग जून २०२५ मध्ये स्विच २ आला. पडदा मोठा, १०८० ओळी, चित्रं जास्त, बॅटरीही थोरली, ५२२० मिलिअँपिअर-तासांची, आणि वेळ दोन ते साडेसहा तास. जिथून निघालो तिथेच. बारीक चिपनं मिळवून दिलेला वेळ दर पिढीला चित्रावर उधळला जातो. विकायला ठेवलेल्या वस्तूचं चित्र काचेतून दिसतं, वेळ दिसत नाही.

तरीही चित्रावर राग धरणं मला जमत नाही. ती ओली फरसबंदी कुणीतरी बसून रंगवलेली आहे. पाऊस थांबल्यावर दगड कसा दिसतो, कडेला पाणी किती गडद आणि मधे किती उथळ, दिव्याची तिरीप कुठे तुटते, हे कुणीतरी खऱ्या रस्त्यावर उभं राहून पाहिलं असणार. भाच्यानं प्रतिबिंबं बंद केली तेव्हा त्या माणसाचं काम एका शब्दासमोरच्या खुणेसारखं पुसलं गेलं. त्याच यादीत, त्याच आकाराच्या अक्षरांत, अशाही गोष्टी होत्या ज्या काढल्या तर कुणाला पत्ता लागत नाही. कुठली गोष्ट त्या जागेचा जीव आहे आणि कुठली नुसती भर, हे यादी सांगत नाही. योकोईला ते सांगायची गरजच नव्हती, त्यानं भर घातलीच नव्हती. आज भर अमाप आहे आणि निवड ज्यानं ते चित्र काढलं नाही त्याच्यावर सोडलेली आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओसरीवर मी भाच्याला माझी रात्रीची मांडणी दाखवली. सावल्या मध्यम, झाडं कमी, ४०, आणि पाणी चालू. तो आकडे बघून म्हणाला, "बरंय. पण तुझ्यापेक्षा मी दोन वॅट कमी आणतो." आणि आणले. कुठल्या पट्टीचा कुठल्या गेममध्ये काय परिणाम होतो हे त्याला तोंडपाठ होतं. गाडीत मला जे ओझं वाटलं होतं ते त्याला ओझं वाटत नव्हतं, एवढं मला त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसलं. करबुड्याच्या बोगद्यात डबा काळोखला तेव्हा त्यानं पडद्याचा उजेड पटकन खाली आणला होता आणि बाहेर पडताच परत चढवला होता. ते तो कर्तव्य म्हणून करत नव्हता. ती त्याची सफाई होती, आणि तिचा त्याला अभिमान होता. यंत्र आतून कळण्याचा आनंद मला त्या वयात मिळाला नाही. आमच्या ब्रिक गेमला उघडण्यासारखं फक्त सेलचं झाकण होतं.

हे पाहिल्यावर माझं मत थोडं हललं, पूर्ण नाही. सायबरपंक २०७७ या गेमच्या सेटिंगमध्ये स्टीम डेकसाठी म्हणून एक तयार मांडणी दिलेली आहे. ती गेम बनवणाऱ्यांनीच ठरवलेली. एवढ्या पडद्यावर, एवढ्या बॅटरीवर आमच्या शहरातलं काय राहिलं पाहिजे आणि काय गेलं तरी चालेल, हे त्यांनी स्वतः सांगितलंय. मला वाटतं हातातल्या यंत्रावर चालणाऱ्या प्रत्येक गेमनं हे केलं पाहिजे, आणि नुसतं एक बटण ठेवून नाही. दोन तासांची मांडणी, चार तासांची मांडणी, अशी. चार तासांतही पाण्यातला तो दिवा ठेवायचा असेल तर त्याच्यासाठी काय सोडावं हे ज्यानं तो दिवा लावला त्याला आमच्यापेक्षा जास्त कळतं. मग ज्याला पट्ट्या हलवायच्या त्यानं खुशाल हलवाव्यात.

भाच्याला हे पटलेलं नाही. त्याचं म्हणणं, बनवणारे घरात भिंतीला वायर लावून बसतात, त्यांना मांडवीतल्या चार्जिंग पॉइंटवर आधीच लटकलेले दोन मोबाईल कुठे माहीत. यावर आमचा वाद परतीच्या गाडीत रोहा येईपर्यंत चालला होता आणि फोनवर अजून चालू आहे.